हॉलमधला सरदार

आमच्या मुलुंडच्या हॉलमधला सरदार पाहिलायस ना तू? अठराव्या शतकातलं चित्र आहे यार ते, जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून आणलेलं. लाल पगडी, गळ्यात मोत्यांचे सर, हातात गुलाब. माणूस कोण, ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. पण पहिल्याच पाहुण्याने विचारलं, "तुमचे पूर्वज का?" आणि मी "हो" म्हणून मोकळा झालो. मग येईल त्याला तेच सांगत सुटलो. आई ते सगळं ऐकायची.

यंदा सर्वपित्री अमावस्येला बघतो तर आईने सरदारापुढे पान वाढलेलं. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं.

"अगं आई, हा आपला कोण लागतो?"

"सगळ्यांना पूर्वज म्हणून सांगतोस ना? मग उपाशी ठेवणार होतास त्याला?"

मी हसलो. ती नाही हसली. तिने शेजारी रिकाम्या भिंतीखाली दुसरं पान मांडलं.

"हे कोणाचं?"

"तुझ्या पणजोबांचं. त्यांचा फोटो नाही आपल्याकडे. नाव घे त्यांचं आणि पाणी सोड."

मी सरदाराकडे पाहिलं. नाव त्यालाही माहीत नव्हतं.