‘सांजवेळ’ कोण शोधतं?

कानाच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. एका कानात कापूस घालून बसलेल्या मास्तरीणबाईंना शेजारच्या सासूसुनेचं बोलणं दुसऱ्या कानाने स्वच्छ ऐकू येत होतं. सासू लोकरीची टोपी विणत होती, सून मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

“आई, आपल्या ऑनलाइन दुकानात या टोपीचं नाव ‘सांजवेळ’ आहे.”

“रंग बघ की तिचा. डोकं खाजवून खाजवून सुचलंय ते.”

“पण ‘सांजवेळ’ शोधलं की सूर्यास्ताचे फोटो येतात. टोपी येतच नाही.”

“मग लोकांनी नीट शोधावं.”

“गेल्या हिवाळ्यात तुमचा कान ठणकत होता, तेव्हा मला काय शोधायला लावलं होतंत?”

“कान झाकणारी, न टोचणारी टोपी.”

“मिळाली?”

“कुठली मिळतेय. म्हणून तर विणायला घेतली.”

“मग तेच नाव द्यायचं.”

सुया थांबल्या.

“इतकं कोरडं?”

“‘सांजवेळ’ खाली राहू दे. वर मात्र कान ठणकणाऱ्या माणसाच्या तोंडचं.”

“सगळ्या टोप्यांना?”

“सगळ्या. आपला नंबर लागायच्या आत.”

“लिही मग. आणि हनुवटीखाली बांधायला नाडी आहे, तेही घाल. मला तेव्हा नाडीच हवी होती.”

मास्तरीणबाईंनी हळूच चष्मा लावला, मोबाइल काढला आणि एका बोटाने ‘कान झाकणारी, न टोचणारी टोपी’ असं टाइप केलं. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, “अजून काही दिसत नाही हो तुमची टोपी.”

“अहो, शोधताय कशाला, ही घ्या ना हातातली, होतच आलीय.”

“थांबा आई,” सून मान वर न करता म्हणाली. “त्यांना शोधू द्या.”