खरवईचा रणगाडा

मला एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या यंत्राने, छोटी मॉडेल्स रंगवायची हौस आली. सहा महिने नुसते व्हिडिओ बघून मी तज्ज्ञ झालो आणि मग तळहाताएवढ्या रणगाड्याच्या मॉडेलवर पहिला फवारा मारला. रंग बाहेरच येईना. शेवटी सगळं उचलून जवळच्या खरवई गावातल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलो. तिथले रंगारी दादा ब्रशमध्ये डोकावून म्हणाले, "रंग पातळ कर ना भाऊ, आत खीर भरलीस काय?" मग "थांब, दाखवतो" म्हणत त्यांनी स्वतःच्या स्प्रेगनने दोन मिनिटांत अख्खा रणगाडा रंगवला. पितांबराचा पिवळा, वर मोत्याची चमक. शत्रूने बघताक्षणी हात जोडावेत असा. मी तोंड उघडायच्या आत दादांनी बारीक कुंचला उचलला.

"हं, आता सांग. डोळे कुठे आखू?"