पंगतीला रडकं गाणं

सन्माननीय अध्यक्ष हैबतराव, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती हाशिमभाई, उद्यापासून त्यांचा स्टुडिओ सांभाळणारी त्यांची लेक नफिसा, आणि लग्नाच्या व्हिडिओत नेमके तोंडात घास असतानाच सापडलेल्या पेण-रोह्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आधीचे वक्ते म्हणाले, संगीताशिवाय सिनेमात भावना येत नाही. मी निशिगंधा, रोह्याची लेक, पेणची सून. माझा याला नम्र विरोध आहे, आणि माझ्याकडे पुरावाही आहे.

बारा वर्षांपूर्वी माझ्या लग्नाचा सिनेमा हाशिमभाईंनीच काढला. पाठवणीला सगळे रडले. माझे बाबा मात्र आमच्याकडे पाठ करून गाडीपाशी उभे, डोळ्यांना साधा रुमालही लावला नाही. मला इतका राग आला, की दिवाळसणाला माहेरी जाणार नाही, असं मी सासरी जाहीरच करून टाकलं.

दिवाळीच्या तोंडावर डीव्हीडी आली. लावून बघतो तर काय, पाठवणीचं रडकं गाणं पंगतीवर चढलेलं! सनई गळा काढतेय आणि माझे मामेसासरे जिलेबीवर जिलेबी हाणताहेत. सासूबाई हसून हसून सोफ्यावरून घसरल्या. आता सांगा, संगीत तर होतं ना? कुणाला आलं रडू? पुढचं न बघताच मी तडक स्टुडिओत भांडायला गेले.

हाशिमभाईंनी कान पकडले. म्हणाले, "चूक माझीच हाय. गाणं आता हलवतो. पण आधी पाठवणी तशीच ऐक."

गाणं नाही, काही नाही. नुसता गलका, कुणाचं तरी पोर किरकिरतंय, आणि पाठमोरे बाबा ड्रायव्हरला सांगताहेत, "गोविंदा, हळू ने रे. वडखळच्या वळणावर तर लय हळू. तिला गाडी लागते. खिडकीपाशी बसव, ती आपणहून बोलायची नाय." एवढं बोलून थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सांगू लागले.

पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसून मी हमसून हमसून रडले. फोटोला आलेलं गिऱ्हाईक बिचारं कंगवा हातात धरून ताटकळत उभं. दिवाळसणाला गेले, हे सांगायला नकोच. गाणंही पंगतीवरच राहू दिलं.

हाशिमभाई, तुमच्या शेकडो चांगल्या कामांचे आभार बाकीचे मानतील. मी त्या एका चुकीचे मानते. बोलण्याच्या भरात अध्यक्षांचा वेळ खाल्ला, मामेसासऱ्यांची जिलेबी चारचौघांत काढली, तेवढं पोटात घाला. आणि नफिसा, आजच्या शूटिंगमध्ये या जागी गाणं टाकू नकोस गो. मी आता बाबांबरोबर रोह्याला निघालेय, आणि ते शेवटच्या रांगेत मघापासून गाडीवाल्याला फोनवर काहीतरी बजावताहेत.

बाबा, मी खिडकीपाशीच बसेन.