चावी आली की

ताथवड्याच्या बसथांब्यावर दुर्गाबाई शेजारच्या धम्मरत्नच्या हातातली कार्डं न्याहाळत होत्या. समोर त्याची मैत्रीण नेहा खेळता खेळता त्याचा डाव त्यालाच समजावत होती.

"राक्षस, आरसा, चावी. तिन्ही जमेपर्यंत नुसता मार खायचा. समोरच्यानं आपलं एकुलतं अडवायचं कार्ड वापरलं, की तिन्ही एकदम टाकायची. खेळ खलास!"

"तरी रविवारी हरलो."

"चावी आली की तू चष्मा वर सारतोस. समोरचा लगेच अडवायचं कार्ड वापरून ती फेकायला लावतो. उचल आता."

धम्मरत्नकडे राक्षस, आरसा होतेच. चावी आली. चष्मा हलला नाही.

"काहीच नाही? परत उचल."

साधा शिपाई आला आणि चष्मा वर गेला.

"सापडलास! हे माझं अडवायचं कार्ड. फेक ते!"

"घे."

"अरे, हा तर शिपाई! मग चावी?"

धम्मरत्नने तिन्ही कार्डं बाकावर मांडली.

दुर्गाबाईंना राहवलं नाही. "मघाशीच आली, पोरी. तू चष्माच बघत बसलीस."