सुटलेले टाके आणि माझी पार्श्वभूमी

...नाही, पण अर्जात माणसाने विचारावं तरी काय! नाव ठीक, वय ठीक, शिक्षण... तिथे लाज गिळून ‘सातवी’ लिहिलं, आणि खाली बघते तर रकाना : ‘कलात्मक पार्श्वभूमी’! अहो, तुम्हाला लोकरीचं विणकाम शिकवायला बाई हवी ना? सासूबाई म्हणाल्या, “लिही की, घरंदाज!” आता माझी कसली आलीय हो पार्श्वभूमी? ठेवला कोरा!

निवडीच्या दिवशी, तुम्हाला सांगते, हॉलभर शिकायला आलेल्या बायका, पुढे संचालिकाबाई, आणि माझ्या कडेवर दहा महिन्यांची लेक. घरी ठेवली असती, पण सासूबाईंचा डोळा लागला आणि हिने बटण गिळलं तर? म्हणून आणली, तर इथे जिकडेतिकडे सुयाच सुया!

जागा एक, आणि आम्ही दोघी. दुसऱ्या बाईंकडे पदकं, प्रदर्शनं, फोटोंचा जाडजूड अल्बम! नाकातून बोलायच्या, “माझी पार्श्वभूमी... तीन पिढ्यांची आहे.” आणि माझी? एका पिढीची, तीही कडेवर लाळ गाळतेय!

त्या पदकवाल्या बाईंनी सुईवरचा अर्धा स्वेटर नमुना म्हणून टेबलावर मांडला, मी वाकून बघायला गेले, आणि लेकीने... सर्रकन सुईच उपसली! शिवाय लोकर ओढलीन् ती वेगळीच! टाके भराभरा खाली सुटले, मागे नुसत्या आडव्या धाग्यांची दहा ओळींची शिडी! पदकवाल्या बाई किंचाळल्या, “गेलं! सगळं उसवून पहिल्यापासून!”

“थांबा हो,” मी म्हटलं. कुठून धीर आला, देव जाणे! क्रोशाची सुई घेतली, खालचा टाका पकडला, त्यातून वरचा आडवा धागा ओढला, मग त्याच्या वरचा... एकेक पायरी चढत वर! उलट टाका आला की कापड फिरवायचं, बस्स! कडेवर लेक, ती माझी वेणी ओढतेय, मी टाके ओढतेय! शेवटचा टाका सुईवर चढला आणि बायका खुर्च्या सोडून माझ्याभोवती! “बाई, आम्हाला आधी हेच शिकवा! आमचे अर्धे स्वेटर असेच कपाटात पडलेत!” पदकवाल्या बाईसुद्धा हळूच म्हणाल्या, “ते फिरवायचं... परत एकदा दाखवता?”

संचालिकाबाईंनी विचारलं, “कुठे शिकलात हे?” म्हटलं, “घरीच. मी विणते, ही उपसते, मी परत चढवते. रोज, न चुकता.” त्या हसत सुटल्या, माझा अर्ज ओढला आणि कोऱ्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘कन्या’! आता विचारा की कोणीही! माझी पार्श्वभूमी? ही काय, कडेवर!

नेमणूक झाली हो! मी सातवी पास, आणि बायका मला ‘बाई, बाई’ करतात! लेकीलाही वर्गात आणायची परवानगी. टाके सोडायला कोणी नको का? पण नशीब बघा... नोकरी लागली त्या दिवसापासून कार्टीने एका सुईला बोट लावलेलं नाही! गादीवर शहाण्यासारखी बसून बघत असते, आणि वर्गाला सुटलेले टाके दाखवायला स्वतः विणलेलं रोज सकाळी मीच उसवते!