पुढचं चाक

ऐका रं. आन् त्यो मोबाईल बंद कर आधी, डोळ्यावर उजेड येतोय. भूत रातीचंच दिसतं असं कुनी सांगितलं तुमास्नी? आपल्या अंकुशला दिसलं ते भर दुपारी!

अंकुश म्हंजे खालच्या आळीचा, सायकलवेडा. मंडळी जमवून गेला राजस्थानात, वाळूच्या मुलखात. ऊन व्हायच्या आत पल्ला गाठावा म्हून अंधारातच निघाले. सगळ्यांच्या अंगात सारखेच पिवळे शर्ट. शालनबाईनं सगळ्यांच्या मागं ऱ्हायचं, कुनी मागं पडलं तर त्याला घेऊन यायचं, ही त्यांची रीत.

दुपारी अंकुशचं चाक पंक्चर झालं. बाकीचे पुढं ढाब्याकडं गेले, शालनबाई थांबली. पंक्चर काढलं. बाई पंप बांधतेय तवर हा गडी सुटला! दम कुठला धरतोय! आन् सुटलं वारं, समोरनं. वाळूच वाळू. डोळं उघडंनात. अशा वक्ताला सायकलवाले काय करत्यात म्हाईत हाय? पुढच्याच्या चाकाला चिकटत्यात. त्यो वारा खातो, आपन त्याच्या आडोशाला. मान खाली, नजर चाकावर. बास.

अंकुशला पुढं चाक दिसलं. वर पिवळा शर्ट. वाटलं, रमजान! त्याचा जिवाचा दोस्त. लागला मागं.

"रमजान, ढाबा किती लांब रं?"

"आलाच. पानी दे."

पुढच्यानं न बघताच हात मागं केला. बाटली घेतली, रिकामी परत दिली. जरा गेले. "पानी दे." दुसरी दिली. तीबी रिकामी! आता ह्याचाच घसा सुकला. पायडल जड झालं. खाली बघतोय तर डांबर कुठाय? चाक वाळूत रुतलंय. आन् पुढचं चाक? ते पळतंय सुरसुर. वाळूवर त्याची रेघसुद्धा न्हाई!

परत त्यो हात मागं आला. लांबला. लांबतच आला, पार ह्याच्या छातीपातुर. "पानी दे."

"न्हाई रं माझ्याकडं!"

"अंगात हाय की."

आयं! सायकल टाकली आन् आपल्याच चाकाच्या रेघंवरनं मागं पळाला. वारं रेघ पुसतंय, हा पळतोय. पुसली! आता जायाचं कुठं? थेंबभर पानी न्हाई. सांज व्हायच्या आत जीव जायाचा.

तेवढ्यात शालनबाईचा आवाज. "अंकुश, ये रं बाळा, गार पानी हाय." धावला तिकडं. तर दुसऱ्या अंगानं तिचाच आवाज, "आरं मुडद्या, कुठं तडफडलास! किती हाका मारू!"

थबकला. शालनबाई जन्मात कुनाला बाळा म्हनली न्हाई. शिव्यांच्या मागं पळत सुटला. पायाला डांबर लागलं. बाई उभी, रडतेय आन् शिव्या देतेय. तिनं बाटली त्याच्या तोंडाला लावली, तवा कुठं जिवात जीव आला. रमजान? त्यो केव्हाचा ढाब्यावर चहा पितोय!

आन् हा पानी पितोय तर मागनं, वाळूतनं, हाक आली. रमजानच्याच आवाजात. "मला?"

बाईनंबी ऐकली. दोघांनी मागं बघितलं न्हाई.

म्हून सांगतो, तोंड बघितल्याबिगर कुनाच्या चाकामागं लागू नका. आन् त्या वाटेला तर जाऊच नका रं. दोन बाटल्या पिऊनबी त्याची तहान गेली न्हाई.