मनोऱ्यावरची दुर्बीण

नाव महादेव, गाव अचलपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, बापाची जमीन अशी का दगड पेरले तं दगडच उगवन, म्हणून मी जंगलात रोजंदारीवर लागलो, उन्हाळाभर मनोऱ्यावर बसाचं, दुर्बिणीतून कुठी धूर दिसते का पाहाचं आन वॉकीटॉकीवर सांगाचं, बस, पण काय सांगू तुमाले, राजाच होतो मी तिथी.

दुर्बीण देली तवा साहेबानं शिकवलं, महादेव, आधी रबरी फुगा दाबून हवा मारून धूळ उडवाची, मंग मऊ बुरूस, मंग कापड, मधातून बाहेर, गोल गोल, धुळीवरच कापड घासलं का काच गेली. झालो मी त्यातला पंडित! जंगल पाहाले आलेल्या पाहुण्या बाया वेफरच्या तेलकट बोटानं, पदरानं भिंग पुसत, मी दुरूनच वरडो, थांबा बाई, खून करून राहिल्या तुमी! त्या घाबरून दुर्बीण माह्या हाती देत, आन मी अशी पुसो, अशी पुसो, जशी नवरदेवाले हळद लावून राहिलो. माही धाकटी बहीण शेवंती, तिचा नवरा सुरेश, आमचे जवाई, तिथीच कामाले होते, आग पुढं सरकू नये म्हणून वाळला पाला झाडून पट्टा साफ ठेवतात ना, त्या टोळीत. ते खालून वरडत, भाऊ, पुसताच का पाहता बी? आमी दोघंई पोट धरून हासो.

एका पावसाळ्यात दुर्बीण ओल्या पिशवीत राह्यली आन भिंगाच्या आतून बुरशी धरली, कोपऱ्यात, कोळ्याच्या जाळ्यावाणी. ती वरून पुसून जात नाई. बदलून मागाची होती, मी मागितली नाई, माहाच कमीपणा दिसला असता. त्या डागासंगंच पाहाची सवय झाली.

मंग उन्हाळ्यातली ती दुपार. पाह्यलं तं डाग मोठा, पांढुरका, नाल्याच्या अंगाले. म्हणलं बुरशी पसरली. बसलो पुसाले. पाह्यलं, हायेच. म्हणलं घामाची वाफ असन, पुन्ना पुसली, पुढची काच, डोळ्याकडची काच, चांगले दहा-बारा मिनिटं, आन मनात काय, तं साहेबाले दाखवीन कशी चकचकीत ठेवली. वारा माह्याकडून तिकडं होता, वास आला नाई. साध्या डोळ्यानं एकदा पाह्यलं असतं तं. एकदाच. दुर्बीण हालवली तवा कोपऱ्यातला डाग संगं हालला, पांढरा तिथीच राह्यला.

टोळी त्या दिवशी नाल्यातच होती, वॉकीटॉकीवर वरडलो, पळा रे, नाला सोडा, वर पळा! पण आग सागाचा पाला खात चढाले लागली होती. टोळीतले चौघं वर आले. जवाई नाई आले.

लोक म्हणे महादेवानं हाक मारली म्हणून चौघं वाचले. शेवंती तं माह्या पाया पडली. तुमीच सांगा, ते पाय मी कुठी नेऊन टाकू?

आता मनोरा सोडला, परतवाड्याले चष्म्याच्या दुकानात बसतो. शेवंती माह्याच घरी राह्यते, पहिली गरम पोळी मले वाढते. आजलोक कोणाले हे सांगतलं नाई, तुमाले सांगतलं कारण तुमी लिहून राहिले आन शेवंतीले चांगलं वाचता येते. नावं बदलू नका. छापून आलं का माह्या हाती नका देऊ, तिच्या हाती द्या. मी बाहेर वट्यावर बसतो. तिचं वाचून होऊ द्या, मंग ती म्हणन तसं.